घडीचा चाकू : रचना आणि निगा

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी कोणी शेतात राबत असेल, कोणी वीजजोडणीचे काम करीत असेल, कोणी शिवणकाम, तर कोणी घरचा स्वयंपाक सांभाळीत असेल. काम कोणतेही असो, हाताशी एखादे हत्यार असतेच. हत्यार चांगले असले म्हणजे काम हलके होते. ते बिघडले की काम बिघडते, आणि कधी कधी हातही जायबंदी होतो. असे असूनही भाषेच्या पाठ्यपुस्तकांत हत्यारांविषयी फारसे लिहिलेले आढळत नाही. लिहिणारा माणूस वेगळा आणि हत्यार धरणारा माणूस वेगळा, अशी एक समजूत त्यामागे असावी. प्रस्तुत पाठात तंजावूरच्या निमित्ताने ही समजूत तपासून पाहावयाची आहे. त्याबरोबरच घडीच्या चाकूसारखी एक साधी वस्तू कशी घडते आणि ती पुढच्या पिढीच्या हाती देण्याजोगी कशी राखता येते, हेही समजून घ्यावयाचे आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण –
• लेखनकलेत चाकूचे स्थान काय होते, ते स्पष्ट करू शकाल;
• घडीच्या चाकूचे अवयव व त्यांचे कार्य सांगू शकाल;
• चांगल्या चाकूची पारख कशी करावी, याचे निकष देऊ शकाल;
• एखाद्या वस्तूची निगा राखण्याची कृती क्रमवार लिहू शकाल.

मूळ पाठ

१. लेखणीच्या आधी चाकू

तमिळनाडूतील कावेरीच्या सुपीक प्रदेशात तंजावूर हे शहर वसले आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तेथे भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली. ही सत्ता १८५५ पर्यंत टिकली. या घराण्यातील दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) हे विद्याव्यासंगी म्हणून प्रसिद्ध आहेत. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख त्यांच्याच काळातला. त्यांनी वाढविलेला सरस्वती महाल हा ग्रंथसंग्रह १९१८ पासून सर्वांसाठी खुला झाला. संस्कृत, तमिळ, मराठी, तेलुगू अशा भाषांतील हजारो हस्तलिखिते तेथे जतन केलेली आहेत.

या संग्रहातील काही हस्तलिखिते ताडपत्रांवर आहेत, तर काही कागदावर. दोन्हींच्या लेखनाची रीत वेगळी. ताडपत्रावर शाईने लिहीत नाहीत. टोकदार लोखंडी लेखणीने अक्षर पानात कोरतात. मग पानावर काजळी व तेल चोळून पान पुसतात. काळा रंग कोरलेल्या रेषांत राहतो आणि अक्षर उमटून दिसते. कागदावरचे लेखन मात्र बोरूने होई. तंजावूर दरबाराचे मोडी कागद असेच लिहिले गेले.

आता या दोन्ही रीतींत समान काय, ते पाहू. ताडाचे पान झाडावरून काढल्याबरोबर लिहिण्याजोगे नसते. ते वाळवावे लागते, त्याच्या कडा सरळ कापाव्या लागतात, सर्व पाने एका मापाची करावी लागतात. बोरूचेही तसेच. बोरू तिरपा छाटून त्याच्या टोकाला मधोमध बारीक चीर द्यावी लागते. टोकाची छाट ज्या कोनात असेल त्यानुसार अक्षराच्या जाड-बारीक रेषा ठरतात. लिहिता लिहिता टोक झिजले की ते पुन्हा छाटावे लागते. थोडक्यात, पान असो वा बोरू, लेखनापूर्वी धारदार पाते हवेच. बोरू छाटण्याच्या चाकूला 'कलमतराश' असे स्वतंत्र नावच आहे. युरोपात पिसाची लेखणी छाटण्यासाठी लहान चाकू वापरीत. घडीच्या छोट्या चाकूला इंग्रजीत आजही 'पेननाइफ' म्हणतात, ते त्यामुळेच.

म्हणजे लिहिणारा माणूस हत्यार सांभाळणारा माणूसही होता. ज्याला आपल्या चाकूची धार राखता येत नसे, त्याचे अक्षरही नीट राहत नसे.

२. मूठ हेच म्यान

ताडपत्रावर लिहिण्याच्या लेखणीला तमिळमध्ये 'एळुत्ताणी' म्हणतात. 'एळुत्तु' म्हणजे अक्षर आणि 'आणी' म्हणजे खिळा. अक्षर लिहिण्याचा खिळा, असा हा सरळ अर्थ. तिचे निरनिराळे प्रकार होते. त्यांतील एकाचे नाव 'मडक्केळुत्ताणी', म्हणजे दुमडणारी एळुत्ताणी. तमिळ विद्वान उ. वे. स्वामीनाथ अय्यर (१८५५ ते १९४२) यांनी आपल्या आत्मचरित्रात या प्रकारांची माहिती दिली आहे. त्यांचे मूळ गाव तेव्हाच्या तंजावूर जिल्ह्यातील, कुंभकोणमजवळचे उत्तमदानपुरम. ताडपत्रांच्या शोधात गावोगाव हिंडून त्यांनी अनेक प्राचीन तमिळ ग्रंथ प्रकाशात आणले.

दुमडणाऱ्या एळुत्ताणीत एका अंगाला कोरण्याची लेखणी आणि दुसऱ्या अंगाला पान कापण्याचा चाकू असे. दोन्ही एकाच मुठीत दुमडले जात. मूठ लाकडाची, शिंगाची किंवा हस्तिदंताची असे आणि तीच म्यानाचे कामही करी. लेखकाला पाने, लेखणी आणि चाकू घेऊन प्रवास करावा लागे. अशा वेळी उघडे टोक आणि उघडी धार कमरेला खोचून नेणे धोक्याचे होते. दुमडण्याच्या युक्तीने तीन गोष्टी साधल्या : धार सुरक्षित राहिली, शरीर सुरक्षित राहिले आणि दोन हत्यारांची जागा एका हत्याराने घेतली. आजचा कोणताही घडीचा चाकू याच तीन हेतूंनी बनविलेला असतो.

पाठगत प्रश्न १
(अ) ताडपत्रावरील अक्षर काळे कसे दिसते?
(आ) 'कलमतराश' कशासाठी वापरीत?
(इ) दुमडण्याच्या युक्तीने कोणत्या तीन गोष्टी साधल्या?

३. घडीच्या चाकूचे अवयव

घडीच्या चाकूचे मुख्य भाग चार : पाते, मूठ, खीळ आणि पाते जागेवर धरणारी यंत्रणा.

पात्याला एक धार, एक पाठ आणि एक टोक असते. पाठ जाड असते. तिथून धारेकडे पाते निमुळते होत जाते. हा उतार जितका सावकाश, तितके पाते सहज कापते. मात्र फार पातळ केलेली धार कठीण वस्तूवर आदळली की तिचा टवका उडतो. फळे व कागद कापण्याच्या चाकूचे पाते म्हणून पातळ ठेवतात, आणि फांद्या छाटण्याच्या चाकूचे जाड. पात्याचा जो भाग मुठीत राहतो, त्याला आपण या पाठापुरते 'बूड' म्हणू. बुडाला आरपार भोक असते आणि त्यातून खीळ जाते. याच खिळीभोवती पाते फिरते.

मुठीच्या आत एक खोबण असते. मिटलेल्या चाकूची धार त्या खोबणीत विसावते. चांगल्या चाकूत धार खोबणीच्या तळाला किंवा कडांना टेकत नाही. ती टेकत असेल, तर प्रत्येक वेळी चाकू मिटताना धार बोथट होते, आणि चाकू का टिकत नाही हे वापरणाऱ्याला कळतही नाही.

४. पाते जागेवर कसे राहते?

घडीच्या चाकूचा खरा प्रश्न कापण्याचा नसून उघडे राहण्याचा आहे. अखंड सुरीचे पाते मुठीत पक्के असते. घडीच्या चाकूत नेमक्या त्याच जागी सांधा असतो. काम चालू असताना हा सांधा मिटला तर बोटे धारेखाली येतात. यावर कारागिरांनी मुख्यतः तीन उपाय योजले.

पहिली रचना केवळ घर्षणाची. खीळ घट्ट ठोकलेली असते आणि त्या दाबावर पाते स्थिर राहते. न्हाव्याचा जुना वस्तरा याच प्रकारचा. बुडाचा लांबट भाग मुठीबाहेर येतो व बोटांनी तो धरता येतो. या रचनेत भाग कमी, म्हणून दुरुस्ती सोपी. परंतु खीळ सैल झाली की पाते लटपटते.

दुसरी रचना कमानीची. मुठीच्या पाठीशी पोलादाची एक लवचीक पट्टी बसवितात. बुडाच्या कडा सपाट घासलेल्या असतात. पाते पूर्ण उघडले किंवा पूर्ण मिटले की कमान या सपाट कडेवर दाबून बसते. मध्येच पाते फिरविताना कमान उचलली जाते आणि नंतर 'टक्' असा आवाज करून जागी बसते. स्वित्झर्लंडमधील कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये कार्यशाळा सुरू केली आणि १८९१ पासून तेथील सैन्याला चाकू पुरविले. १८९७ च्या त्यांच्या नव्या चाकूत त्याच कमानींवर मुठीच्या दोन्ही अंगांची हत्यारे बसविली होती. व्हिक्टोरिनॉक्स या नावाने हे चाकू आज जगभर ओळखले जातात. कमानीचा चाकू पाते धरून ठेवतो, पण कुलूपबंद करीत नाही, हे ध्यानात ठेवावे. पात्याच्या पाठीवर जोर पडला तर तो मिटू शकतो.

तिसरी रचना कुलपाची. फ्रान्समधील सॅव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० च्या सुमारास लाकडी मुठीचा एक साधा चाकू बनविला. शेतकऱ्यांना परवडेल असा तो होता. १९५५ मध्ये त्याच्या सांध्यावर एक फिरते धातूचे कडे बसविण्यात आले. पाते उघडून कडे फिरविले की खोबणीचे तोंड बंद होते व पाते मिटूच शकत नाही. एका लहानशा कड्याने बोटे वाचविली. साधेपणा आणि सुरक्षितता एकत्र नांदू शकतात, हे यावरून दिसते.

चाकू विकत घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात : उघडलेले पाते डावी-उजवीकडे हलता कामा नये. मिटलेले पाते खोबणीच्या मधोमध असावे. उघडताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत जोर सारखा लागावा. खिळीची डोकी मुठीच्या पातळीत असावीत, हाताला टोचू नयेत. मूठ ओल्या हातातही घट्ट धरता यावी. या कसोट्यांना उतरणारा साधा चाकू हा नक्षीदार पण ढिल्या चाकूपेक्षा केव्हाही चांगला.

पाठगत प्रश्न २
(अ) धार खोबणीच्या तळाला टेकल्यास काय होते?
(आ) कमानीच्या आणि कुलपाच्या रचनेत मुख्य फरक कोणता?

५. पोलाद आणि त्याचे पाणी

लोखंडात थोडा कार्बन मिसळला की त्याचे पोलाद होते. तमिळ प्रदेशाला या विद्येची फार जुनी परंपरा आहे. लोखंड व कार्बनयुक्त पदार्थ मातीच्या मुशीत घालून, ती बंद करून, तीव्र उष्णता देऊन तेथे उत्तम पोलाद बनवीत. दक्षिण भारतातील हे पोलाद परदेशी जात असे.

पाते घडविल्यावर ते लाल होईपर्यंत तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवितात. यालाच 'पोलादाला पाणी देणे' म्हणतात. त्यामुळे पाते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा सौम्य उष्णतेवर तापवून त्यातील ठिसूळपणा कमी करतात. कठीणपणा आणि चिवटपणा यांचा मेळ घालणे, हेच कारागिराचे कौशल्य. फार कठीण पाते तुटते, फार मऊ पाते लवकर बोथट होते.

आज पाती दोन प्रकारच्या पोलादाची मिळतात. साध्या कार्बनयुक्त पोलादाला झटकन उत्तम धार लागते, पण ते गंजते. ज्याला आपण 'स्टेनलेस स्टील' म्हणतो त्यात साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असते. क्रोमियममुळे पृष्ठभागावर अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो व गंज रोखला जातो. तथापि 'स्टेनलेस' म्हणजे कधीही न गंजणारे असे नव्हे. खारट वा आंबट पदार्थ लागलेले पाते तसेच ठेवले, तर त्यावरही डाग पडतात. कावेरीच्या काठी किंवा कोकणात, जिथे हवा दमट असते, तिथे हा धडा लवकर शिकावा लागतो.

६. निगा

चाकूची निगा चार क्रियांत सामावलेली आहे : पुसणे, साफ करणे, तेल देणे आणि धार लावणे.

पुसणे : प्रत्येक वापरानंतर पाते ओल्या फडक्याने व लगेच कोरड्या फडक्याने पुसावे. फडके पात्याच्या पाठीकडून धारेकडे न्यावे, धारेवरून आडवे ओढू नये. लिंबू, चिंच, कैरी कापल्यावर तर पाते धुऊन कोरडे केल्याशिवाय मिटूच नये.

साफ करणे : खिशातील धागे, धूळ व फळांचा रस खोबणीत साठतो. महिन्यातून एकदा चाकू उघडून काडीने वा जुन्या टूथब्रशने खोबण साफ करावी. लाकडी मुठीचा चाकू पाण्यात भिजत ठेवू नये. लाकूड फुगते व पाते अडकते.

तेल देणे : पूर्ण कोरडे झाल्यावर खिळीपाशी शिलाई यंत्राच्या हलक्या तेलाचा एकच थेंब सोडावा, पाते चार-पाच वेळा उघडझाप करावे आणि जास्तीचे तेल पुसून टाकावे. घरातले खोबरेल किंवा तिळाचे तेल खिळीला देण्याचा मोह होतो. परंतु खाद्यतेल कालांतराने चिकट होते व त्यावर धूळ बसते. ज्या चाकूने अन्न कापावयाचे आहे, त्यास खाद्यवापरास योग्य असे खनिज तेल वापरावे.

धार लावणे : निसणा, म्हणजे धार लावण्याचा दगड, टेबलावर ओल्या फडक्यावर ठेवावा, म्हणजे तो सरकत नाही. दगडावर पाणी शिंपडावे. पाते दगडाशी पंधरा ते वीस अंशांचा कोन करील असे धरावे. हा कोन मोजण्याची सोपी युक्ती अशी : कागदाचा काटकोनी कोपरा घेऊन तो मधोमध दुमडा, पंचेचाळीस अंश झाले. पुन्हा दुमडा, साडेबावीस अंश झाले. यापेक्षा किंचित कमी कोन आपल्याला हवा. आता दगडावरून पातळ साल काढावी तसे पाते धारेच्या दिशेने, बुडापासून टोकापर्यंत फिरवावे. काही वेळाने दुसऱ्या बाजूला धातूची अतिशय बारीक कड उलटलेली बोटाला हलकेच जाणवते. मात्र ती पाहताना बोट धारेपासून बाहेरच्या दिशेने न्यावे, धारेवरून कधीही नाही. ही कड पूर्ण लांबीभर आली, की पाते उलटून दुसरी बाजू तितकीच घासावी. शेवटी बारीक दाण्याच्या दगडावर हलक्या हाताने दोन्ही बाजू आळीपाळीने घासाव्यात आणि न्हावी वस्तरा परजतो तसे पाते चामड्याच्या पट्ट्यावर उलट दिशेने ओढावे. हवेत धरलेला कागद न अडखळता कापला गेला, की धार लागली असे समजावे.

चाकावर धार लावून घेताना ठिणग्या उडतात व पाते तापते. धारेवर निळा रंग चढला तर तिचे पाणी उतरले असे समजावे. तेवढा भाग मऊ होतो व धार टिकत नाही. म्हणून पाते वारंवार पाण्यात बुडवून थंड करणारा कारागीर निवडावा.

७. सुरक्षितता

बोथट चाकू सुरक्षित असतो, ही समजूत चुकीची आहे. बोथट पात्याला जोर अधिक लावावा लागतो, ते घसरते आणि घसरलेले पाते कोठे जाईल ते सांगता येत नाही. कापताना धार शरीरापासून दूर न्यावी. मिटताना बोटे खोबणीच्या वाटेत ठेवू नयेत. पात्याने डबे उचकटू नयेत, स्क्रू फिरवू नयेत; तुटलेले टोक डोळ्यात जाऊ शकते. दुसऱ्याला चाकू द्यावयाचा तो मिटूनच द्यावा. जखम झालीच तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावी आणि धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे.

कायद्याचेही भान हवे. शस्त्र अधिनियम, १९५९ व त्याखालील नियमांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या धारदार शस्त्रांवर निर्बंध आहेत. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक व औद्योगिक कामाची अवजारे यांतून वगळली आहेत. याशिवाय काही ठिकाणी स्थानिक बंदी असू शकते. विमानात हातातील सामानात चाकू नेता येत नाही. हत्यार कामासाठी आहे, धाक दाखविण्यासाठी नव्हे, हा नियम तर कोणत्याही कायद्याआधीचा आहे.

८. समारोप

ताडपत्र अमर नसते. दमट हवा आणि कीड यांनी ते जीर्ण होते. म्हणून जुना ग्रंथ टिकवावयाचा तर तो पुन्हा नव्या पानांवर उतरवावा लागे. सरस्वती महालात आज आपण जे वाचू शकतो, त्यामागे अशा असंख्य नक्कलकारांचे श्रम आहेत. त्यांतील बहुतेकांची नावे कोणालाही ठाऊक नाहीत. त्यांनी पाने कापली, लेखण्या पाजळल्या, चाकू पुसून मिटून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडले. त्यांनी हत्यारांची हेळसांड केली असती, तर ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचले नसते.

मित्रहो, आपण दिवसभर हत्यार धरून संध्याकाळी पुस्तक उघडत असाल, तर आपण दोन निराळ्या जगांत वावरत नाही. हाताला असलेली शिस्तच अक्षराला लागते.

आपण काय शिकलो?

• ताडपत्र व बोरू या दोन्हींसाठी लेखनापूर्वी धारदार चाकू आवश्यक होता.
• दुमडणाऱ्या एळुत्ताणीत लेखणी व चाकू एकाच मुठीत सामावत.
• घर्षण, कमान व कुलूप या पाते स्थिर ठेवण्याच्या तीन रचना होत.
• कठीणपणा व चिवटपणा यांचा मेळ म्हणजे चांगले पाते.
• पुसणे, साफ करणे, तेल देणे व धार लावणे ही निगेची चार अंगे होत.

शब्दार्थ

जायबंदी – जखमी, निकामी. बोरू – लिहिण्यासाठी वापरण्याची बारीक वेताची लेखणी. मूस – धातू वितळविण्याचे मातीचे भांडे. निसणा – धार लावण्याचा दगड. पाजळणे – धार लावणे. जीर्ण – जुना व झिजलेला. हेळसांड – दुर्लक्ष, आबाळ.

भाषाभ्यास

'पाणी' या शब्दाला मराठीत तेज, कस असाही अर्थ आहे. 'पाणीदार', 'पाणी जोखणे', 'पाणी पाजणे' यांचे अर्थ शब्दकोशात पाहा व प्रत्येकाचा स्वतंत्र वाक्यात उपयोग करा.

पाठान्त प्रश्न

१. 'लिहिणारा माणूस हत्यार सांभाळणारा माणूसही होता' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. बोथट चाकू अधिक धोक्याचा का, ते सकारण लिहा.
३. पात्याला धार लावण्याची कृती आपल्या शब्दांत क्रमवार लिहा.
४. आपल्या कामात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही एका हत्याराची निगा कशी राखावी, हे नवशिक्याला समजेल अशा पंधरा ओळींत लिहा. लिहून झाल्यावर ते काम न करणाऱ्या व्यक्तीस वाचून दाखवा. तिला जे समजले नाही, ते वाक्य पुन्हा लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) कोरलेल्या रेषांत काजळी व तेल भरून राहते म्हणून. (आ) बोरू छाटण्यासाठी. (इ) धार सुरक्षित राहिली, शरीर सुरक्षित राहिले, दोन हत्यारांची जागा एका हत्याराने घेतली.
२. (अ) प्रत्येक वेळी चाकू मिटताना धार बोथट होते. (आ) कमान पाते केवळ दाबून धरते, जोर पडल्यास ते मिटू शकते. कुलूप पाते मिटूच देत नाही.